बारा गाड्यांना बसवलेला फिल्टर

स्वप्नाली चौगुलेनं सकाळी सहाला वडिलांच्या ट्रकचा एअर फिल्टर बाहेर काढला, मागच्या पाइपात बोट फिरवलं आणि बोटाला करडा, तेलकट चिखल लागला. फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला धूळ असणारच. ती अडवायलाच तो बसवलेला असतो. पण आतल्या अंगाला, इंजिनाकडं हवा नेणाऱ्या पाइपात, पांढरं फडकं फिरवलं तरी ते पांढरंच बाहेर यायला हवं.

तिनं बोट फडक्याला पुसलं आणि फडकं खिशात कोंबलं. आप्पा ट्रकच्या मागं ताडपत्रीची दोरी आवळत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं.

तो फिल्टर तिच्याच कारखान्यातला होता. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत यज्ञेश्वर देशपांड्यांचा फिल्टरचा छोटा कारखाना होता आणि स्वप्नाली चार वर्षं तिथला तपासणी विभाग सांभाळत होती. दहा चाकी डिझेल ट्रकसाठी त्यांनी नवा फिल्टर तयार केला होता. गाडीबरोबर कंपनीचा येतो तो कागदी घड्यांचा; चोंदला की टाकून द्यायचा. यांचा सुती जाळीचा, तेलात भिजवलेला. धुवायचा, वाळवायचा, तेल लावून परत बसवायचा. इंजिनाला हवा मोकळी, पिकअप जोरात. बाजारात आणण्याआधी ओळखीच्या बारा गाड्यांना तो चाचणीसाठी बसवला होता. त्यातली एक आप्पांची, म्हणजे आकाराम चौगुल्यांची. "आमच्या पोरीच्या कारखान्याचा हाय," असं शिरोली नाक्यावर चहा पिताना ते चारचौघांना सांगायचे.

दोन्ही फिल्टरांची तुलना स्वप्नालीनंच केली होती. यंत्रात शंभर ग्रॅम बारीक धूळ सोडायची आणि फिल्टरमधून पलीकडं किती निसटते त्याचं वजन करायचं. कंपनीच्या फिल्टरमधून अर्धा ग्रॅम निसटली. त्यांच्या फिल्टरमधून तीन ग्रॅम. देशपांडे सर म्हणाले होते, "साडेनव्व्याण्णव आणि सत्त्याण्णव. अडीच टक्क्यांचा तर फरक आहे. हवा बघ ना किती मोकळी जाते." तिनं सही केली. अर्ध्याचे तीन म्हणजे सहापट, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण ते तिनं अहवालात लिहिलं नाही.

त्याला आठ महिने झाले होते. आप्पा आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला पशुखाद्याची पोती घेऊन जायचे आणि रुंदीकरणाच्या कामामुळं त्या रस्त्यावर मैलोन्मैल पिठासारखी धूळ उडत असायची. गेल्या पंधरवड्यात आप्पा जेवताना दोनदा म्हणाले, की गाडी ऑइल जास्त खातीया आणि चढाला बारीक शिट्टी मारतीया.  शनिवारी स्वप्नालीनं कंपनीचा नवा फिल्टर विकत आणला.

आता तिनं दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले. कंपनीच्या फिल्टरची रबरी कड जाड आणि मऊ होती, अंगठ्यानं दाबली की परत फुगून येत होती. त्यांच्या फिल्टरची कड आठ महिन्यांत कडक झाली होती आणि एका बाजूला तिच्यावर काळपट पट्टा उमटला होता. धूळ जाळीतून तर गेलीच होती, शिवाय कडेनंही गेली होती.

"कशाला बदलतीयास?" आप्पा जवळ येऊन म्हणाले. "चांगली पळतीया की गाडी."

"ऑइल कमी हुतंय म्हणालता न्हवं?"

"वय झालं तिचं. माझं औषदपाणी वाढलं न्हाय व्हय?"

तिनं नवा फिल्टर बसवला. डब्याचं झाकण चारी क्लिपांनी खटाखट बंद झालं. मग ती म्हणाली, "आप्पा, अर्धा तास थांबता? टर्बो बघायचाय."

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. मुठीएवढाच, पण मिनिटाला लाखभर फेरे घेणारा. आत गेलेली धूळ सगळ्यात आधी त्याची पाती खाते. पाइप उतरवून पंखा बोटानं हलवून पाहिला असता तर सगळं कळलं असतं.

"दहाच्या आत घाट उतराय पायजे. ऐतवार हाय, नंतर गाड्या वाढत्यात. आल्यावर बघ."

खिशातलं फडकं काढून दाखवलं असतं तर ते थांबले असते. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तिनं नव्या फिल्टरकडं पाहिलं आणि मनाशी म्हटलं, बदललाय ना, आता काय होतंय.

"मग मी पण येणार," ती म्हणाली.

आप्पांना आनंदच झाला. "ये की! लहानपणी येत हुतीस तशी."

बांबवडे, मलकापूर मागं पडलं. आप्पा बोलत होते आणि स्वप्नाली शिट्टी ऐकत होती. ती होती. चढ आला की बारीक, उंच, दातातून काढल्यासारखी. फिल्टर बदलून ती गेली नव्हती. घाटमाथ्यावरच्या आंबा गावाच्या अलीकडच्या चढाला तर तिच्यात खरखर मिसळली. स्वप्नालीनं दोनदा आरशात पाहिलं. धूर नेहमीसारखाच होता. आंब्यात थांबून बघूया असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोवर गाव मागं गेलं आणि रस्ता घाटात उतरला.

डाव्या हाताला डोंगर होता, उजव्या हाताला समोरून येणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यापलीकडं दरी. आप्पांनी तिसरा गिअर टाकला, इंजिनाचा धूर कोंडून गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक दाबला आणि पाय मोकळा सोडला. सोळा टन माल अंगावर घेऊन गाडी कण्हत उतरू लागली.

दुसऱ्या वळणावर आवाज वाढला.

आप्पांचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. तिनं मुद्दाम खाली वाकून पाहिलं. पाय लांब होता आणि इंजिन चढतच होतं. आप्पांनी ॲक्सिलरेटर बुटाच्या टोकानं खालून उचलून पाहिला.

"अडकला का काय?"

आरसा पांढरा झाला. मागचा रस्ता, डोंगर, मागून येणारी मोटारसायकल, सगळं धुरात गेलं. गाडीनं पुढं उडी घेतली. आप्पांनी क्लच दाबला आणि इंजिनानं असा टाहो फोडला की स्वप्नालीच्या छातीची हाडं थरथरली. क्लच सोडला की गाडी दरीकडं झेपावत होती, दाबला की इंजिन फाटेल असं वाटत होतं. आप्पांनी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे गेले.

इंजिन चालूच राहिलं.

आप्पांनी चावीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. एकतीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना काही सुचत नव्हतं.

"आप्पा, डिझेल बंद झालंय," ती ओरडली. "ती ऑइल पितीया! टर्बो फुटलाय, ऑइल आत जातंय. चावीनं बंद हुणार न्हाय!"

"मग कशानं?"

"आधी थांबवा!"

आप्पांनी क्लच दाबून धरला आणि ब्रेकवर उभे राहिले. एरवी उतारावर गाडीला असतो तो इंजिनाचा अडसर आता नव्हता, सगळं वजन ब्रेकवर आलं. समोरून एसटी वर येत होती. ड्रायव्हरनं धूर बघून गाडी बाहेर घेतली, खिडकीतले चेहरे झरकन गेले, एक बाई तोंडावर हात धरून. केबिनमध्ये ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास भरला. वळणाच्या पुढं डोंगराच्या बाजूला रस्ता थोडा रुंद होता. आप्पांनी गाडी तिकडं दाबली, पुढचं चाक गटाराच्या कडेला घासलं आणि गाडी थांबली. हँडब्रेक ओढला. इंजिन ओरडतच होतं, सबंध केबिन पत्र्याच्या डब्यासारखी हलत होती.

आप्पांनी ब्रेकवरचा पाय न काढता वरचा गिअर टाकला आणि क्लच झटक्यात सोडला. इंजिनाला मारून टाकायचा जुना उपाय. गाडीला हिसका बसला, इंजिन क्षणभर दबलं, आणि मग क्लचप्लेट घसरली. बुडातून काळा धूर आला. परत आवाज चढला.

"उतर!" आप्पा ओरडले. "पळ वरच्या अंगाला!"

"तुम्ही?"

"ब्रेक तापलाय. पाय काढला तर गाडी सुटंल. उतर म्हंतो न्हवं!"

ती उतरली. उडी मारताना ती गुडघ्यावर आपटली. मोटारसायकलवरची दोघं वरच्या वळणावर थांबून हात हलवत होती. "पळा, ताई! फुटंल ती!" ते खोटं नव्हतं. असं सुटलेलं इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःच मोडतं आणि मोडताना आतलं लोखंड कुठूनही बाहेर येतं. आप्पा त्याच्या डोक्यावर बसले होते.

तिला पळायचं होतं. तिचं सगळं अंग वर, डोंगराकडं वळलंही होतं. हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही, पण दोन पावलं ती पळाली. मग रस्त्याच्या कडेला फुटबॉलएवढे दगड दिसले आणि हात आपोआप तिकडं गेले. एक दगड मागच्या चाकाच्या पुढं, दुसरा त्याच्या शेजारच्या चाकाला. तिसरा उचलताना नख उलटलं, ते तिला संध्याकाळी कळलं.

डिझेल नाही, तर हवा. हवा बंद केली तर काहीच जळत नाही. केबिनच्या मागं, डाव्या बाजूला, हवा ओढणाऱ्या पाइपाचं तोंड वर होतं, जाळीचं टोपडं घातलेलं. ती परत केबिनला लोंबकळली, दार उघडलं आणि पायाखालचं जाड रबरी मॅट ओढलं.

"काय करतीयास? जा म्हणलं न्हवं!"

"पाय काढू नका!"

पायरीवरून ती केबिनच्या मागच्या फटीत चढली. तिथं आवाज नव्हता, आवाजाच्या पलीकडचं काहीतरी होतं. दात एकमेकांवर वाजत होते. खालून गरम धूर येत होता आणि पायाखाली अर्ध्या हातावर ते इंजिन होतं. तिनं मॅट टोपड्याभोवती गुंडाळलं, दोन्ही हातांनी ते कवटाळलं आणि गाल त्यावर दाबला. पाइपानं मॅट असं ओढून घेतलं की तिची बोटं मध्ये चेंगरली. तिनं सोडलं नाही. खालून फिल्टरच्या डब्यातून चर्र असा आवाज आला, आत काहीतरी चिरडत होतं. पण झाकण बसलेलं होतं. कुठून फट राहिली नव्हती. इंजिन एकदा अडखळलं. परत चढलं. परत अडखळलं. तिनं डोळे मिटले आणि आकडे मोजू लागली, कारण दुसरं काही आठवत नव्हतं. अकरावर तिच्या पायाखालची थरथर थांबली.

मग दरीतला वारा ऐकू आला.

आप्पा खाली उतरले तेव्हा त्यांचे हात स्टिअरिंग धरल्यासारखे वळलेलेच होते. ते सरळ होईनात. स्वप्नालीनं एक एक बोट उलगडलं. मोटारसायकलवाल्या दोघांनी येऊन आणखी दगड लावले, पाण्याची बाटली दिली. आप्पा पाणी न पिता ती नुसती धरून बसले.

"मला वाटलं, तुझ्यासकट जाणार," ते म्हणाले.

तेव्हा तिनं खिशातलं फडकं काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि सकाळी न सांगितलेलं सगळं सांगितलं. अर्धा ग्रॅम, तीन ग्रॅम, सही. आप्पांनी ऐकलं. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आणि बाकीच्या गाड्या?"

तिला वाटलं होतं तशी भीती अजून संपलेली नव्हती. आणखी अकरा गाड्या त्याच फिल्टरवर चालत होत्या.

घाटात रेंज नव्हती. मोटारसायकलवाल्यांनी तिला मागं बसवून आंब्यात आणलं. हॉटेलच्या बाकावर बसून तिनं मोबाईलमधली यादी उघडली. पहिला फोन देशपांडे सरांना केला.

"तू ठीक आहेस ना? आकाराम ठीक आहेत?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "पण स्वप्नाली, एका गाडीवरून निष्कर्ष काढू नये. गाडी जुनी होती. उद्या शांतपणे बोलू."

"सर, उद्यापर्यंत अकरा गाड्या रस्त्यावर असतील."

"लोक घाबरतील उगाच."

"घाबरू देत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचा नंबर लावताना ती तीनदा चुकली.

एकेक करत दहाजण लागले. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या, कोडोलीच्या एकानं सांगितलं की त्याची गाडी आठ दिवस गॅरेजलाच आहे, ऑइल फेकतीया म्हणून. अकरावा गुंडू नेसरीचा. तो आंबोली घाटातून खाली सावंतवाडीला माल न्यायचा. त्याचा फोन नुसताच वाजत राहिला. तिनं घरचा नंबर लावला. त्याची आई झुंबरबाई बोलली.

"सकाळीच गेलाय की. आजऱ्यात माल भरून आंबोलीकडनं उतरणार म्हणालाय. कोण बोलतंय, बाई? काय झालंय?"

स्वप्नालीनं फक्त नाव सांगितलं. "गुंडूदादांचा फोन आला तर गाडी जाग्यावर बंद करा म्हणावं. घाट उतरू नका म्हणावं. एवढंच."

"देवा," झुंबरबाई म्हणाली आणि फोन तसाच धरून राहिली.

दुपारचे दोन वाजले. अडीच वाजले. स्वप्नाली दर पाच मिनिटांनी नंबर लावत होती. मध्ये आप्पा एका जीपमधून वर आले आणि तिच्या शेजारी बसले. तिच्या डोळ्यांसमोर आपला घाट नव्हता, दुसराच होता, जास्त उभा, आणि तिथं रबरी मॅट घेऊन चढायला कुणी नव्हतं. सव्वातीनला फोन वाजला.

"कोण हो? पंधरा मिस कॉल हाईत."

"गुंडूदादा, मी स्वप्नाली, फिल्टरवाली. कुठं हाय तुम्ही?"

"आंबोलीत, चहाला थांबलोय. आजऱ्यात भराय लई वेळ लागला. आता निघणारच हुतो."

"गाडी चालू हाय का बंद?"

"चालू हाय की. दोन मिनिटांसाठी कशाला बंद करायची?"

"शिट्टी मारतीया का?"

तो हसला. "तुमास्नी तिथं ऐकू येतीया व्हय? चार दिस झालं."

"बंद करा. आत्ता. फोन कानालाच धरा."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यानं पुढं विचारलं नाही. पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. इंजिन ऐकू येत होतं, साधं, घरघरतं. तिनं आप्पांचं मनगट धरलं. चावी फिरल्याची टिक आली.

इंजिन चालूच होतं.  दादा, बाजूला व्हा, असं ओरडण्यासाठी तिनं श्वास घेतला. घरघर एकदा वर गेली, मग खाली आली, खोकली आणि थांबली.

"लगीच बंद झाली न्हाय हो," गुंडू नवलानं म्हणाला. "असं कधी केलं न्हवतं हिनं."

 आप्पांनी फोन घेतला. "पावणं, मी आकाराम चौगुले. तिथंच ऱ्हावा. आणि आधी आईला फोन लावा तुमच्या."

सोमवारी टर्बो उतरवला तेव्हा पंख्याची पाती उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. तो पंखा आणि डब्यात चपटा झालेला कंपनीचा फिल्टर तिनं देशपांडे सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी पंखा हातात फिरवून पाहिला.

"अहवालावर सही तुझी आहे," ते हळूच म्हणाले.

"हो. आणि त्याखाली तुमची."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. चाचणी थांबवायचं पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं आणि बाराही गाड्या बोलावून घेतल्या. तिघांचे टर्बो गेले होते, गुंडूचा त्यातलाच. तो फिल्टर बाजारात आला नाही. स्वप्नालीनं नवा अहवाल लिहिला आणि त्यात टक्क्यांऐवजी ग्रॅम लिहिले.

आप्पांनी पंधरा दिवस गाडीला हात लावला नाही. दुरुस्त होऊन आल्यावरही ती दारात उभी होती. एका सकाळी स्वप्नालीला इंजिनाचा आवाज आला आणि ती अनवाणीच बाहेर धावली. आप्पा केबिनमध्ये बसले होते. त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली, थोडं थांबले, परत चालू केली, परत बंद केली.

"काय करताय, आप्पा?"

"काय न्हाय," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बंद हुतीया का बघतोय."

ती दुसऱ्या बाजूनं चढून त्यांच्या शेजारी बसली. "परत करा," ती म्हणाली. त्यांनी चावी फिरवली.